पाझीच्या शिव्या

दुपारी दुखण्यावरच्या औषधाचा कडू घोट पोटात गेला की मिंझाच्या घरात सरोवर शिरायचं. आधी दाराच्या फटीतून, मग खाटेखालून, मग हळूच उशाशी. पाणी कोमट असायचं आणि त्यात बोटाएवढे दागा मासे फिरायचे. आयुष्यभर तिने वाळूवर वाळत घातले तेवढे सगळे, पण आता ओले आणि जिवंत. दुखणं कुठे जायचं नाही, ते नुसतं दूर सरकून पायथ्याशी बसायचं. खिडकीतून दिसणारे टेकडीवरचे मोठाले दगड संथपणे श्वास घ्यायचे. कधी तिचा मेलेला नवरा यायचा, होडीतून उतरल्यासारखा ओल्या पायांनी, आणि काही न बोलता जाळं विणत बसायचा. तिला त्याची भीती वाटायची नाही. जिवंतपणी तरी तो कुठे फार बोलायचा?

या सगळ्यातून एक आवाज मात्र खराच यायचा. ओसरीवर पाझी शिंप्याचं मशीन चालायचं. खडखड, थांबणं, पुन्हा खडखड. एकोणीस वर्षं तो तिच्या ओसरीवर बसत होता. तो झारामो जमातीचा, पार दार-एस-सलामच्या किनाऱ्याकडचा, नारळाच्या मुलखातला. बायकोच्या मागे इथे सरोवराकाठी, म्वांझाला आला. बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली आणि हा मशीन घेऊन राहिला. मिंझा सुकुमा, इथल्याच मातीतली, गुरं राखणाऱ्या लोकांतली. आणि सुकुमा नि झारामो म्हणजे एकमेकांचे म्तानी.

म्तानी म्हणजे थट्टेचा नातेवाईक. पणजोबांच्या काळात कुणीतरी ठरवून टाकलं की या दोन लोकांनी एकमेकांना हवं ते बोलावं आणि राग धरू नये. म्हणून म्तानी तोंडावर शिव्या देतो, ताटातला घास उचलतो आणि नवऱ्यादेखत बायकोला लग्नाची मागणी घालतो. मयताला तर तो लागतोच. तो मेलेल्याचे कपडे घालतो, त्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि मग कुठे माती पडते. पाझीने म्वांझात चाळीसेक सुकुमांना असं हसत-हसत पोचवलं होतं. त्याच्या नकला बघायला लोक परक्यांच्या मयतालाही जायचे, हे कबूल करायला लाज वाटते, पण जायचे.

मिंझावर तर त्याचा विशेष जीव. सकाळी ती माशांची टोपली घेऊन निघाली की मशीनमागून आवाज यायचा, "निघाली बघा गुराखीण. बाजूला व्हा, नाहीतर वासाने मराल." ती म्हणायची, "नारळ्या, तुझी बायको पळाली ती या वासाने नाही, तुझ्या तोंडाने पळाली." एवढं झालं की दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. टेकडीवरच्या इस्पितळात स्तन काढला आणि सलाइनमधून औषधाचे सहा डोस सांगितले. पाच झाले होते. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "मिंझामावशी, हाडात गेलेलं पूर्ण जाणार नाही. पण आपण त्याला दावणीला बांधून ठेवू. किती वर्षं, ते मला नाही सांगता येणार. पण बांधून ठेवू." मिंझाला हे बोलणं आवडलं होतं. दावणीतलं जनावर तिला कळत होतं.

शेजारपाजारचे लोक मात्र कुजबुजायला लागले. चर्चच्या बायका यायच्या, तिचा हात हातात घेऊन सुस्कारे टाकायच्या. मिंझाने ते सोसलं. तिला सोसवलं नाही ते पाझीचं.

चार महिन्यांपूर्वी तिने आपला हिरवा झगा त्याच्याकडे पाठवला, दोन्हीकडून आत घ्यायला. झगा पाठवून ती कान देऊन पडली. एवढी वाळलेली सुकुमा बाई म्हणजे पाझीला मेजवानीच. तो आता काहीतरी घाण बोलणार, उरलेल्या कापडात अख्खं गाव झाकलं जाईल वगैरे. पाझी आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "उद्या देतो, मिंझाताई. तुम्ही आराम करा."

मिंझाताई! एकोणीस वर्षांत तिला कुणी इतकं वाईट बोललं नव्हतं.

त्यानंतर तो असाच वागत राहिला. सकाळी विचारपूस, संध्याकाळी पपई. मशीनसुद्धा हळू चालवायचा. आणि मिंझाच्या दुपारच्या सरोवरात पाणी गार होत गेलं. नवऱ्याचं जाळं जवळजवळ पुरं झालं होतं. म्तानीनेच जीभ आवरली म्हणजे हिशेब झाला, असं तिच्या मनाने घेतलं. ज्याला सगळं बोलायची मुभा, त्यालाच बोलवत नाही. मग आपण अजून इथे खाटेवर काय करतोय?

सहावा डोस उद्यावर आला तेव्हा ती मुलीला म्हणाली, "काबुला, मी नाही येणार."

काबुला उजीची पातळ पेज ढवळत होती. तिचा हात थांबला. "आई, एकच राहिलाय."

"तेच म्हणते. राहू दे."

"मागच्या वेळी तोंड आलं होतं म्हणून घाबरलीस का? बाई म्हणाल्यात, या वेळी आधीच औषध देऊ."

"तोंडाचं नाही गं." मिंझाने भिंतीकडे कूस बदलली. "मेलेल्या माणसाला कोण सुया टोचतं?"

काबुला रडली नाही. पाच वेळा आईला पाठीवर टाकल्यासारखं तिने टेकडी चढवली होती, तिला रडायला उसंत नव्हती. ती उजीचं भांडं तसंच ठेवून ओसरीवर गेली. मशीन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पाझी दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"मिंझाताई," तो म्हणाला, "तुम्ही जायला हवं. देव मोठा आहे."

"देवाचं देव बघेल. तू मला पुरलंस कधी ते सांग."

"असं काय बोलता..."

"बोलता? मला बोलता म्हणतोस? अरे, माझ्या दारात बसून माझ्या माशांना नावं ठेवणारा तू. माझा एक स्तन गेला, आणि तुझ्यासारख्या हलकटाला त्यावर एक शब्द सुचू नये? चार महिने मी इथे पडून वाट बघतेय. लोक देवाची वाट बघतात, मी तुझ्या शिवीची."

पाझी खाली जमिनीवर बसला. तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"सुचतं गं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात सुचलं होतं. पण तू गेलीस तर तुझ्या मयताला काय करायचं, याची मी मशीनवर बसून तयारी करायला लागलो. सवय आहे ना. तुझी चाल, तुझं घासाघीस करणं, सगळं जमतं. पण शेवटाला आलो की घसा बंद. चाळीस मयतं केली, एकदा नाही रडलो. तुझ्या मयताला रडलो तर झारामोंचं नाक कापलं जाईल. मग वाटलं, तोंडच उघडायला नको."

मिंझाने दाराकडे बघितलं. पाणी पुन्हा दाराखालून येत होतं, पण आज त्यात ऊन पडलं होतं.

"मग आत्ता कर," ती म्हणाली.

"काय?"

"माझं मयत. नाहीतरी त्या दिवशी मला कुठे बघायला मिळणार आहे? अख्खं म्वांझा हसेल आणि मीच तेवढी नसेन. हा कुठला न्याय? काबुला, माझा निळा खांगा दे याला."

पाझीने नाही-नाही म्हटलं, आणि मग खांगा डोक्यावरून घेतला. तो पदर खोचल्याबरोबर खोलीत दुसरी मिंझा आली. तीच एका कुशीवर झुकलेली चाल, तोच कमरेवरचा हात. "काय म्हणालीस, महाग? माझे मासे काय स्वतःच चालत वाळूवर येऊन पडले? आयुष्यभर उन्हात मी वाळले, मासे तर नंतर!" काबुलाने तोंडावर हात दाबला. मिंझाला हसू फुटलं. आपण एवढ्या भांडकुदळ आहोत? आहोत की. आणि बऱ्याच देखण्याही, तिला वाटलं.

मग शेवट आला. म्तानी मेलेल्यासारखा आडवा होतो, तोंडावरून कापड ओढतो, आणि सगळे रडू लागले की ताडकन उठून जेवण मागतो. पाझी चटईवर आडवा झाला. निळा खांगा तोंडावरून ओढला.

आणि उठला नाही.

मिंझा खाटेवरून बघत होती. आपण मेल्यावर असं दिसणार तर. पाय कापडाबाहेर, टाचा भेगाळलेल्या, खिडकीतून येणारं ऊन पोटावर. तिला हे सगळं फार लांबून दिसत होतं, सरोवराच्या मधोमध होडीत बसल्यासारखं, आणि तिथून ते तितकंसं वाईट नव्हतं. फक्त कापड वरखाली होत होतं. डोळ्यांच्या जागी दोन ओले डाग मोठे होत गेले.

ती खाटेवरून उतरली. काबुला धावली, तिला तिने हातानेच थांबवलं. भिंतीला धरून, मग काही न धरता, ती चटईपर्यंत आली आणि आपल्याच मयताच्या उशाशी बसली. मयताला कुणीतरी हसवायला हवं, आणि म्तानी तर आडवा पडलाय.

"हे बघा झारामो," ती रडणाऱ्या बायकांच्या गर्दीला सांगावं तसं म्हणाली. "सुकुमा मेली म्हणतात, तर सुकुमा इथे जिवंत बसलीय, आणि हा परगावचा शिंपीच कोसळला. याला उचला कुणीतरी. एक स्तन नसलेली बाई याला उचलायला लागली, तर याची बायको ऐकून परत येईल, आणि पुन्हा पळेल. अरे ऊठ. माझ्या खांग्याला नाक पुसून ठेवलंस, धुऊन कोण देणार, तुझा बाप?"

कापडाखालून चोंदलेल्या नाकाने आवाज आला, "कुणीतरी हिला नीट पुरा रे. मेल्यावरही तोंड चालूच आहे या वाळक्या माशाचं."

मिंझा हसली. बरगड्यांतून दुखणं चमकून गेलं, तरी ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वाळका मासा! चार महिन्यांनी तिला कुणीतरी जिवंत माणसासारखं बोललं होतं.

"काबुला," श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "उद्या मला लवकर उठव. आणि यालाही. टेकडीवर रांग मोठी असते, तोवर माझ्याशी भांडायला कुणी नको का?"