मी अजून चालू आहे

मी एका छोट्या रेडिओ केंद्रातला जुना मायक्रोफोन. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि रंग उडाला आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला ती मुळीच खपत नाही.

एका कारखान्यात कारागीर बाईंनी केसासारखी बारीक तार गुंडाळून मला आवाज ओळखायला शिकवले. तिथून मी या केंद्रात आलो. खोली लहान, दारावर लाल दिवा. माझ्यासमोर निवेदिका बसायच्या. श्रोते त्यांना मावशी म्हणत. सकाळी सात ते दहा त्या जुनी गाणी लावत आणि फोन घेत.

"मावशी, बायको रुसलीय. काहीतरी छान लावा ना!" एखादा बसचालक गयावया करायचा.

"लावते. पण आजचा चहा तुम्ही करायचा हं!"

पुढे कुणीतरी मालकांच्या डोक्यात भरवले की, जुनी गाणी फक्त म्हातारे ऐकतात. मग नवी चित्रपटगीते आली. वर्षभरात त्यांचीही उचलबांगडी होऊन संथ प्रेमगीते आली आणि शेवटी दिवसभर नाचाची गाणी. दर वेळी केंद्राची पाटी बदलली. मावशींनी तक्रार केली नाही. "गाणं कुठलंही असू दे, बोलायला माणूस हवं," एवढेच त्या म्हणत.

नेमके तेच काढून घेतले गेले. परगावी बसलेली एक मुलगी आठवड्याभराच्या गप्पा एकदम ध्वनिमुद्रित करून पाठवू लागली. संगणक त्या गप्पा गाण्यांमध्ये पेरायचा. मावशींना जाहिरात विभागात टेबल मिळाले आणि मला त्या टेबलाचा खण. चौदा महिने मी तिथे नुसता धुमसत होतो.

एका सकाळी नदीकाठच्या कारखान्याची टाकी फुटली आणि विषारी रसायन शहराच्या पाण्यात मिसळले. लोकांना सावध करा म्हणून सांगायला पाणीपुरवठा खात्याचे अभियंता धापा टाकत केंद्रात आले. त्याच वेळी ती ध्वनिमुद्रित मुलगी खिदळत होती, "काय उकडतंय ना! ग्लासभर गार पाणी प्या आणि ऐका पुढचं गाणं!"

मावशींनी खाडकन खण ओढला आणि मला उचलले. व्यवस्थापक दारात आडवे आले.

"मुख्यालयाची परवानगी आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही!"

"ती येईपर्यंत किती जण पाणी पितील?"

"नोकरी जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. बाजूला व्हा."

मावशींनी गाणे मध्येच तोडले आणि मला जोडले. "मी मावशी बोलतेय. नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. शेजाऱ्यांची दारं वाजवा, त्यांनाही सांगा."

आम्ही सलग सहा तास बोललो. दवाखान्यातून एका परिचारिकेचा फोन आला. "मावशी, बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवलं होतं हो. बाटली माझ्या हातात होती, तेवढ्यात तुमचा आवाज आला." मावशींचा आवाज कापला. मी तो जसाच्या तसा घरोघर पोचवला.

दुसऱ्या दिवशी मावशींना कामावरून काढल्याची नोटीस मिळाली. तिसऱ्या दिवशी केंद्रासमोर इतके श्रोते जमले की, व्यवस्थापकांना आपली गाडी बाहेर काढता येईना. मुख्यालय नमले. सकाळचे तीन तास मावशींना परत मिळाले. गाणी मात्र नाचाचीच राहिली. आता मावशी त्यांवर पायाने ठेका धरतात.

सध्या व्यवस्थापकांना माझे फार कौतुक आले आहे. मला काचेच्या कपाटात ठेवून खाली पितळी पट्टी लावायची म्हणतात. मला ते मान्य नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा, पण नंतर त्यांना कामाला लावा. नुसत्या कौतुकाने आम्ही गंजतो.

आणि ते कपाट? त्यात हवी तर व्यवस्थापकांनी आपली नोटीस ठेवावी. सात वाजायला आले. लाल दिवा लागेल, मावशी घसा खाकरतील. आता जरा गप्प बसा, आम्हाला बोलायचे आहे.