फोनमधली बाई

म्हशीने लाथ हाणली आणि बादली गडगडत थेट गोठ्याच्या दारापर्यंत गेली. सांडायला आत काही नव्हतंच म्हणा. बुडाला चूळ भरण्याइतकंसुद्धा दूध जमलं नव्हतं. पण आवाज असा दणकून झाला की शेजारची वहिनी हातातला खराटा तसाच घेऊन कुंपणापाशी धावत आली.

या वहिनीला सगळं गाव भोंगा म्हणायचं. तिने घरात हाक मारली की वेशीवरची माणसं ओ द्यायची. आणि ज्याला लाथ बसता बसता राहिली होती, त्याला गाव म्हणायचं घुमा. त्याला बोलतं करायचं म्हणजे भिंतीला घाम फोडण्याचं काम. हो, नाही, बघू, असू दे, एवढ्यावर त्याने उभा जन्म काढला होता.

"अगं बाई गं!" भोंगा ओरडली. "भाऊजी, हे काय सोंग काढलंय?"

घुम्याने डोक्यावरून आपल्या बायकोची जुनी शाल घेतली होती. पार कपाळापर्यंत. खाली मिशा, वर फुलाफुलांची शाल. त्याने ती ओढून काढली आणि गव्हाणीवर टाकली.

"तिला वास यावा म्हणून," तो म्हणाला.

भोंगाचं हसू तिथल्या तिथे विरलं. कारण वास कुणाचा, हे तिला सांगायला नको होतं.

त्याचं असं झालेलं. म्हैस व्याली आणि आठवड्याच्या आत तिचं रेडकू मेलं. रेडकू गेलं की म्हैस दूध वर ओढून धरते, पान्हा चोरते. सडांना कितीही झोंबा, ती देत नाही. पण घुम्याची बायको वस्ताद. ती म्हशीजवळ उकिडवी बसायची आणि बोलायला लागायची. ओरडणं नाही, चुचकारणं नाही, नुसतं बोलणं. एका दमात, सावकाश, घरातलं, दारातलं, शेतातलं. बोलता बोलता म्हैस कान पाडायची, डोळे अर्धे मिटायची आणि कास भरून यायची. मग धारा अशा लागायच्या की बादलीला फेस. थंडीत बायकोला ताप भरला, चार दिवस अंगावर काढला, आणि ती गेली. म्हशीने तेव्हापासून पान्हा आवरला तो आवरलाच.

आटलेली म्हैस पोसायची कुणाच्या जिवावर? रान तापून ढेकळं दगडासारखी झाली होती. हिरवा चारा औषधालाही नव्हता. जावयाचा निरोप आला होता, म्हैस विकून टाका, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे शहरात या. जनावरांच्या डॉक्टरकडचा माणूस म्हणाला, सुई टोचू, झक मारत दूध देईल. घुमा नाही म्हणाला. बायकोने कधी टोचू दिली नव्हती. त्या घरात बायकोमागे राहिलेलं, श्वास घेणारं असं ही म्हैस, एवढंच होतं. म्हैस गेली तर आपण कुणासाठी उठायचं, हे त्याला कळत नव्हतं. तो ते कुणाला बोलून दाखवणार नव्हता ही गोष्ट वेगळी.

"सरका, मी बघते," म्हणून भोंगा गोठ्यात शिरली आणि म्हशीच्या कानाशी सुरू झाली. "ए बये! दे की दूध! काय नखरे लावलेस? धनी बघ कसा सुकला!" म्हशीने जी उडी मारली, ती दावं तुटायचंच बाकी राहिलं.

"राहू द्या वहिनी," घुमा म्हणाला.

दोन दिवसांनी लेक आली. बापाला न्यायचं ठरवूनच आली होती. घरभर पसारा बघून तिने पदर खोचला आणि भांडी घेऊन गोठ्याजवळच्या हौदावर घासायला बसली. तिची सवय अशी की काम करताना फोनवर काहीतरी लावायचं. फोन तिने गव्हाणीच्या कठड्याला टेकवून ठेवला. त्यातून एक बाई बोलायला लागली.

गाणं नाही, बातम्या नाहीत. बाई आपली बोलतेय. आज दाढ दुखतेय म्हणे. शेजारणीने उसना नेलेला स्टोव्ह परत केला नाही, तो मागायला गेले तर तिने मलाच चहा पाजला, आता कुठल्या तोंडाने मागू? मग तिच्या बहिणीचं काहीतरी. मग खिडकीतल्या कुंडीचं. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, "ऐकताय ना?" म्हणायची आणि पुन्हा चालू.

घुमा शेण भरत होता. त्याचा हात थांबला.

"कुणाशी बोलतेय ती?"

"कुणाशीच नाही, बाबा. म्हणजे सगळ्यांशीच. पॉडकास्ट म्हणतात त्याला. ती घरी बसून बोलते, आपण ऐकायचं."

"कशासाठी?"

लेकीने हातातलं पातेलं विसळलं. "बरं वाटतं," ती म्हणाली. "घरात कुणी असल्यासारखं."

तेवढ्यात तिची नजर म्हशीच्या पोटाखाली गेली. "बाबा! थेंब! अहो, बादली आणा बादली!"

म्हशीने कान पाडले होते. सडातून दूध टपकत होतं. घुम्याने बादली आणताना पायाला ठेच खाल्ली, तरी थांबला नाही. तो खाली बसला आणि धारा वाजायला लागल्या. बाई स्टोव्हचं सांगत होती, म्हैस रवंथ करत होती, आणि लेक राखेचे हात तोंडावर धरून रडत होती. घुम्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्याने ते म्हशीच्या कुशीला पुसलं.

लेकीने आपला जुना फोन बापाला दिला, कुठे दाबायचं ते दहादा शिकवलं आणि एकटीच परत गेली. जाताना म्हणाली, "म्हैस दूध देतेय तोवर राहा. आटली की मात्र काही ऐकणार नाही मी."

"बरं," घुमा म्हणाला.

आणि खरंच बरं चाललं. सकाळी फोन, संध्याकाळी फोन, दोन्ही वेळा बादली फेसाळलेली. डेअरीवरचा माणूस म्हणाला, काका, काय जादू केली? भोंगा कुंपणावरून म्हणाली, "माझ्या आवाजाने उड्या मारते आणि या परकीच्या आवाजाने पाघळते! म्हैस आहे का जावई?" त्यावर घुमा चक्क हसला. भोंगाने ते गावभर सांगितलं.

पण मग त्यालाच त्या बाईचं वेड लागलं. दूध काढून झालं तरी फोन बंद करवेना. दाढ काढली की नाही? स्टोव्ह मिळाला का? तो गोठ्यातच गव्हाणीला टेकून बसायला लागला. घर त्याला खायला उठायचं, रानात उन्हाचा जाळ. गोठ्यात सावली, म्हशीची ऊब आणि ती बाई. दोरी वळायची असो, खुरप्याला धार लावायची असो, तो सामान घेऊन गोठ्यात येऊन बसायचा. बाई म्हणायची, "ऐकताय ना?" आणि हा मान हलवून "हां, बोला," म्हणायचा. बायको बिचारी उभा संसार बोलत राहिली आणि हा पठ्ठ्या ताटावरून उठून जायचा. पण आता त्याला त्या बाईच्या भाच्याची परीक्षासुद्धा ठाऊक होती. कुणी माणूस आपल्यासाठी बसून बोलतं यात काय सुख असतं, ते त्याला इतक्या उशिरा कळलं.

एका दुपारी बघतो तर म्हशीखाली जमीन ओली. दूध आपोआप गळत होतं. घुमा हरखला. म्हणाला, बघा, आता मावत नाही! दुपारीही बादली लावली. संध्याकाळी मात्र अर्धी भरली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मग एका सकाळी बाई बोलतेय, घुमा सड ओढतोय, आणि म्हैस शांतपणे शेपटीने माश्या मारतेय. एक थेंब नाही.

आता कुणालाही कळेल काय झालं ते. तो आवाज कानावर पडला की दूध द्यायचं, एवढंच त्या मुक्या जिवाला ठाऊक होतं. याने दिवसभर आवाज चालू ठेवला. तिने दिलं, देऊन पाहिलं, खाली कुणी नव्हतं, दूध मातीत गेलं. शेवटी तिने ऐकणंच सोडलं. घुम्याला हे उमगलं तेव्हा त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. गोडी लागली त्याला आणि दंड भरला म्हशीने.

त्याने फोन बंद करून फळीवर ठेवला. आठवडाभर हात लावला नाही. ते दिवस त्याचे फार वाईट गेले. बायको गेल्यावर घर मुकं झालं होतं, ते आता पुन्हा एकदा झालं. मग मोठ्या आशेने त्याने फोन लावला. बाई नेहमीच्याच आवाजात बोलायला लागली. म्हशीने मान वळवून एकदा पाहिलं आणि वैरणीत तोंड घातलं.

"अहो भाऊजी, मग तुम्ही बोला की!" भोंगा या वेळी हळू आवाजात म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने हळू. "देवाने तोंड दिलंय ना? तुम्ही तिचे धनी."

"काय बोलू?"

"काहीही बोला. ती बोलायची ते बोला."

घुमा म्हशीशेजारी बसला. तोंड उघडलं. "सरक," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "थांब." पुढे काही येईना. बायको काय बोलायची ते तो आठवायला लागला. तिचा आवाज आठवला. मध्येच ती हसायची ते आठवलं. पण एक वाक्य, एक धड वाक्य आठवेना. रोज सकाळ-संध्याकाळ पलीकडे वैरण कापताना तिचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं, आणि त्याने त्यातलं काहीच ठेवलं नव्हतं. त्या अनोळखी बाईची कुठली दाढ दुखते ते तो डोळे मिटून सांगू शकला असता.

"वहिनी," तो म्हणाला, "ती काय बोलायची हो?"

भोंगा खराटा घेऊन परत गेली.

पुढचं पटापट झालं. लेकीचा फोन आला, जावयाने व्यापारी ठरवला. आटलेली म्हैस गोठ्यासाठी कोण घेणार? वजनावर गेली. वजनावर गेलेलं जनावर कुठे जातं हे घुम्याला माहीत होतं. तरी तो हो म्हणाला, कारण नाही म्हणायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

सकाळी टेम्पो आला. गरम वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. म्हैस फळीवर पाय ठेवेना. व्यापाऱ्याच्या माणसाने शेपूट पिरगाळलं, दुसऱ्याने काठी उगारली.

"मारू नका," घुमा म्हणाला. "मी चढवतो."

त्याने दावं हातात घेतलं, म्हशीच्या गळ्याखाली हात घातला आणि कसं कोण जाणे, बोलायला लागला.

"चल. चल बाई. घर फार मोठं झालंय बघ. झाडता झाडता दुपार होते. तिची चप्पल अजून दारात आहे. उचलावी म्हणतो, पण उचलून ठेवू कुठे? पाणी तापवतो तर दोघांचं तापवतो. मग उरतं ते तसंच निवतं. तिला ताप आला ना, मी म्हटलं उद्या नेऊ. तिनेही म्हटलं, उद्या नेऊ, आज म्हशीच्या धारा काढायच्यात. तुझ्यासाठी थांबली होती ती. तुला सांगितलं असेल तिने. तुला सगळंच सांगायची. मला नाही सांगितलं. म्हणजे सांगितलं असेल, मी कुठे ऐकलं…"

म्हैस एकेक पाय टाकत वर चढली. कान पाडलेले, डोळे अर्धे मिटलेले. आणि टेम्पोच्या फळ्यांवर टपटप आवाज व्हायला लागला. फटीतून दूध खाली धुळीत पडत होतं. थेंब नव्हेत, चांगली धार.

"आयला!" व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला. "ही तर दुभती आहे!"

भोंगा कुंपण ओलांडून आली. "उतरवा! अहो उतरवा तिला! बघताय काय?"

घुम्याने व्यापाऱ्याचा हात धरला. "परत द्या," तो म्हणाला. "देते ती. मी बोललो की देते. बघा ना. मी बोलेन रोज. जमेल मला."

व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने वाकून खाली पाहिलं, मग घुम्याच्या हातावर आपला हात ठेवला. "मामा, निघताना जनावर असं करतं. मी किती पाहिलीत. उद्या पुन्हा चोरेल. आणि तुमच्या जावयाशी बोलणं झालंय माझं, गाडी पुढे भरायचीय. उद्यापासून तुम्हीही इथे नसणार ना?"

घुम्याला जावयाचा निरोप आठवला. खोली तयार होती. घराला लावायचं कुलूप लेकीने आधीच पाठवलं होतं. त्याने व्यापाऱ्याचा हात सोडला.

मागची फळी लावली गेली. घुमा फटीशी तोंड नेऊन उभा राहिला आणि पुन्हा सुरू झाला, घाईघाईने. विहिरीचं पाणी तळाला गेलंय ते. लेक रडली ते. पहिल्यांदा बायको या घरात आली तेव्हा तिने त्याला काहीतरी विचारलं होतं आणि तो लाजून रानात निघून गेला होता ते. आतून धार वाजत होती.

"मामा, बाजूला व्हा," व्यापारी म्हणाला आणि टेम्पो सुरू झाला.

तो टेम्पोबरोबर चालत राहिला, मग धावला. वळणावर धूळ इतकी उडाली की भोंगाला पुढचं काही दिसेना. तिला फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. तो अजून बोलतच होता.