गुबगुबीत म्हणायचं नाही!

मित्रांनो, मी एक जुना टांगता काटा आहे. भाजी तोलणारा नव्हे, पोरं तोलणारा. लाओसमध्ये नदीकाठच्या एका गावात, दवाखान्याच्या ओसरीवरच्या तुळईला मी लटकलो आहे. काच तडकली आहे, स्प्रिंग सैलावली आहे. खरं सांगू? थकलोय मी.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. परदेशातून सेवेला आलेल्या पहिल्या तुकडीच्या पेटीतून मी इथं आलो. तेव्हा काय थाट होता माझा! माझ्या आकड्याला कापडी झोळी अडकवायची, तिच्या भोकांतून बाळाचे पाय बाहेर काढायचे, की बाळ भोकाड पसरायचं आणि माझा काटा थरथरायचा. आया चिकट भाताचे गोळे खात, एकमेकींची थट्टा करत आपला नंबर यायची वाट बघायच्या.

ही सेवेकरी मंडळी सकाळी शाळेत मुलांना शिकवतात, हात कसे धुवायचे ते दाखवतात आणि दुपारी माझ्यापाशी येतात. मनानं फार चांगली. पण काही महिन्यांत परत जातात, नवी येतात आणि प्रत्येक नवी तुकडी तीच चूक नव्यानं करते. झोळीतलं बाळ बघून ओरडते, "अय्या, किती गोड! किती गुबगुबीत!"

झालं! आयांचे चेहरे उतरतात. इथं बाळाचं कौतुक करत नाहीत, मित्रांनो. कौतुक भुतांच्या कानावर गेलं की ती बाळाला घेऊन जातात, अशी इथल्यांची समजूत. म्हणून हाक मारायची नावंसुद्धा बेडूक, उंदीर अशी ठेवतात आणि लाडानं म्हणतात, "काय घाणेरडं ध्यान!" नर्स वानथोंगमावशी प्रत्येक तुकडीला हे समजावते. त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत त्यांची निघायची वेळ होते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मावशीही थकली, मीही थकलो.

यंदाच्या तुकडीत मारिट आली. उंच, हसरी, मोठ्या आवाजाची. चानफेंग नावाच्या आईनं आपल्या बाळाला, बेडकाला, माझ्या झोळीत ठेवलं आणि मारिटनं टाळ्याच वाजवल्या. "गावातलं सगळ्यात देखणं बाळ!" तोडक्यामोडक्या लाओ भाषेत, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली. चानफेंगनं पोर उचललं, भुतांपासून राखण म्हणून तिथंच त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि गेली. पुन्हा काही फिरकली नाही.

पुढं गावात जुलाबाची साथ आली. एका सकाळी मावशी चानफेंगच्या घरून आली आणि मटकन ओसरीवर बसली.

"बेडूक आजारी आहे. त्याची आजी मला घराची शिडी चढू देईना. म्हणते, त्या काट्याला टांगलं म्हणून भुतांनी पोर हेरलं."

माझ्यावर आळ! आजवर मी कुणाचं कौतुक केलेलं नाही. वजन तेवढं सांगतो. फार वाईट वाटलं मला.

"पोर आतल्या आत वाळतंय गं," मावशी म्हणाली. "आज बाहेर काढलं नाही, तर हातचं जाईल."

मारिट रडायला लागली. "मी जाऊन माफी मागते."

"माफी नको मागूस, पोरी. शिव्या दे."

मावशीनं मला काढून पिशवीत घातलं. चानफेंगच्या उंच खांबांवरच्या घराच्या शिडीखाली मारिट उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "चानफेंगताई, तुझं ते कुरूप बेडूक कुठाय? असलं भिकार पोर मी जन्मात पाहिलं नाही! फुकट दिलं तरी कुणी नेणार नाही!"

शेजारणी जमल्या. मग वरून आजीचा आवाज आला, "नाक बघितलंस का त्याचं? बसकं आहे."

"नाक कसलं आजी, सडका बटाटा आहे तो!"

आजी फिस्सकन हसली. "आण गं खाली ते ध्यान," ती सुनेला म्हणाली.

घराखालच्या वाशाला मला टांगलं. बेडूक रडलासुद्धा नाही. माझा काटा जेमतेम हलला. मावशीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि होडीवाल्याला हाक मारली.

तालुक्याच्या इस्पितळात गेलेली प्रत्येक होडी बाळ घेऊन परत येत नाही, मित्रांनो. ते मला ठाऊक आहे. ही आली. पावसाळा सरता सरता बेडूक पुन्हा माझ्या झोळीत बसला आणि लाथा झाडायला लागला.

तोवर मारिटची निघायची वेळ झाली होती. तिच्या जागी टोबियास नावाचा नवा मुलगा आला. त्याला तिनं माझ्यापुढं उभं केलं. बेडकाला बघून त्याचे डोळे चमकले, तोंड उघडलं. मावशीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मारिटनं त्याला कोपरानं ढोसलं.

"किती..." तो अडखळला, "किती भयंकर पोर आहे हे!"

ओसरी खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं चानफेंग.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या काट्याला अधूनमधून तेल द्या, गंज चढू देऊ नका. आणि कधी परक्या गावी सेवेला गेलात, तर निघताना नुसत्या वस्तू मागं ठेवू नका. आपण कुठं चुकलो ते पुढच्याला सांगून जा. नाहीतर प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून शिकत बसतो आणि त्याच्या शिकण्यापायी कुणाचं तरी बाळ माझ्या झोळीपर्यंत येतच नाही.