भिंतीकडे झुकलेली पाती

थोरली टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि घरी येताना काचेची एक टाकी घेऊन आली. ऑफिसच्या दर्शनी खोलीत ती टाकी वर्षानुवर्षं पडून होती. ऑफिस नव्या जागेत जाणार म्हटल्यावर ती कुणालाच नको झाली. "माझ्यासारखीच," थोरली म्हणाली आणि रिक्षात ती मांडीवर घेऊन बसली.

धाकटी बहीण शिवणकाम करायची. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. आईवडिलांच्या माघारी त्या दोन खोल्यांत त्या आपापल्या तऱ्हेने राहत होत्या. एक बोलायची, दुसरी कुरकुरायची, आणि कधी कधी अदलाबदल व्हायची.

टाकीतले मासे टुणटुणीत होते, पण झाडांनी मान टाकली होती. पानं पिवळी पडून पारदर्शक झाली होती, जणू कुणी त्यांचा जीव शोषून घेतला होता. टाकीच्या झाकणात दिव्याची जुनी नळी होती. ती पेटताना आधी विचार करायची आणि मग नाइलाजाने उजेड द्यायची.

"दिवा बदल म्हणजे झालं," धाकटी म्हणाली.

"दिवा म्हणजे काय, कुठलाही?"

दोघी माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार जाडजूड आणि मोठा गप्पिष्ट होता, सल्ला द्यायचा तो मासे पकडायच्या जाळीने हवेत खुणा करत. "मावशी, डोळ्यांना झगझगीत दिसतं ते झाडांना पुरतंच असं नाही. पिवळट दिवा घेतलात तर खोली छान दिसेल, झाडं उपाशी राहतील. भर दुपारसारखा पांढरा घ्या, साडेसहा हजार केल्विनचा. एवढ्या उंचीच्या टाकीला मध्यम ताकदीचा बास. आणि लाड करू नका. दिवसाला आठ तास. जास्त ठेवलात तर झाडांच्या आधी शेवाळच बाळसं धरेल."

"कमी पडला तर?" थोरलीने विचारलं.

"पाती लांबुळकी होतात. उजेड शोधत ताणत जातात. झाड खोटं बोलत नाही, उजेड असेल तिकडे वळतं."

त्यांनी एलईडीची लांब पट्टी घेतली आणि आपोआप चालू-बंद होणारा टायमरही. रिबनसारख्या लांब पात्यांचं गवत आणि लाकडाला बांधलेलं नेच्याचं एक झुडूप दुकानदाराने सोबत दिलं. टाकी भिंतीला खेटून ठेवली. तिच्या एका बाजूला थोरलीची खुर्ची होती, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. दुपारी दिवा लागला की थोरली चहाचा कप घेऊन तिथे बसायची. पाण्यातलं हिरवं हिरवं बघताना तिचं बोलणंसुद्धा कमी झालं. धाकटीला ते आधी बरं वाटलं.

झाडं खरंच फुटली. कोवळी पाती वर आली. पण वर येताना ती दिव्याकडे गेली नाहीत. सगळी मागे, भिंतीकडे झुकली.

"पाण्याच्या धारेने असेल," धाकटी म्हणाली. पण फिल्टरची धार तर उलट्या बाजूला होती. पाती त्या धारेविरुद्ध, वाकून, भिंतीवर नाक टेकवल्यासारखी उभी होती. त्यांनी टाकीतलं निम्मं पाणी काढलं, घामाघूम होऊन ती फिरवली आणि मागची बाजू पुढे आणली. थोड्याच दिवसांत सगळी पाती पुन्हा भिंतीकडे वळली. आता मासेही तिकडेच घोळका करून राहू लागले होते.

भिंतीपलीकडे शेजारची खोली होती. ती वर्षानुवर्षं बंद होती, किल्ली रखवालदाराकडे असायची. तिची खिडकी कधीच विटांनी बुजवून टाकली होती.

त्यातच भिंतीकडच्या काचेवर शेवाळ धरलं, मखमलीसारखं दाट. दुकानदाराला फोन केला तर त्याने हसत उपाय सांगितला. "दिवा बंद करा, टाकीवर जाड चादर टाका. तीन दिवस ठार अंधार. शेवाळ मरेल, झाडं तग धरतील."

थोरलीने जड मनाने टाकी झाकली. "श्वास कोंडला तर त्यांचा?" ती म्हणाली.

"ते मासे आहेत, ताई."

चौथ्या दिवशी सकाळी धाकटीने चादर उचलली. शेवाळ मेलं नव्हतं, उलट माजलं होतं. आणि रिबनच्या प्रत्येक पात्यावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढत होती. दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की झाडांना पोटभर उजेड मिळाला की पानांवर असे बुडबुडे येतात, एरवी नाही.

धाकटीने चादर पुन्हा टाकली, या वेळी डोक्यावरून, स्वतःसकट. आत काळोख होता. ती डोळे सरावण्याची वाट बघत उभी राहिली. उजेड दिसला नाही तो नाहीच. पण चादरीच्या कडेने मागच्या खिडकीतली सकाळ किंचित आत येत होती, तेवढ्या उजेडात तिला काचेपुढे धरलेला स्वतःचा हात दिसला आणि हाताची सावलीही. ती सावली भिंतीवर पडायला हवी होती. ती चादरीवर, खिडकीच्या दिशेला पडली होती.

धाकटी चादर फेकून बाहेर आली आणि खुर्चीत बसलेल्या बहिणीकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. दिवा आणल्यापासून थोरली महिनोन् महिने घराबाहेर पडली नव्हती. तिचा भिंतीकडचा गाल रापला होता. दुसरा गोरा होता, आजारी माणसासारखा.

"ताई, तुझा गाल बघ."

थोरलीने आरसा पाहिला आणि हळूच परत ठेवला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे? आणि तू बोलली नाहीस?"

"तिथे बसलं की बरं वाटतं गं. ऊन खाल्ल्यासारखं. गुडघा दुखत नाही. तुला सांगितलं असतं तर तू टाकी उचलून फेकली असतीस."

"फेकणारच आहे."

"माझी आहे ती."

असा आवाज धाकटीने बहिणीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती वाद न घालता खाली गेली आणि रखवालदाराला घेऊन वर आली. तो झोपेतून उठवल्यासारखा वैतागला होता. "बाई, त्या खोलीत काही नाही. मालक फिरकत नाहीत. उंदीरसुद्धा नाही." तरी त्याने कुलूप काढलं. थोरली खुर्चीतून उठून मागोमाग आली. का आली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दार उघडलं. खोली रिकामी होती. खिडकीच्या जागी विटा, छताला लटकलेली दिव्याची मोकळी तार, जमिनीवर धुळीचा एकसारखा थर. त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. रखवालदाराने टॉर्च भिंतीवर मारली.

त्यांच्या घराकडची भिंत खालपासून वरपर्यंत हिरवी होती. टाकीच्या काचेवर होतं तसंच मखमली शेवाळ.

"ओल आहे," रखवालदार म्हणाला. धाकटीने बोट टेकवलं. भिंत खडखडीत कोरडी होती आणि उन्हात तापलेल्या पाटीसारखी उबदार.

मग थोरलीने टॉर्च त्याच्या हातातून घेतली आणि थोडी बाजूला वळवली. तिथे शेवाळ नव्हतं. एवढ्या हिरव्यात एक कोरी जागा सुटली होती, कडा नीट कापल्यासारख्या. खुर्चीवर बसलेल्या बाईची बाजूने दिसणारी आकृती होती ती. थोडी वाकलेली मान, मानेवर अंबाडा, मांडीवर ठेवलेले हात. उजेडाच्या आड बराच काळ कुणी बसून राहिलं की मागच्या भिंतीवर जशी सावली पडेल, तशीच. तिचं तोंड टाकीच्या दिशेला होतं. टाकीच्या या बाजूला थोरलीची खुर्ची असायची, आणि त्या बाजूला ही.

खोलीत खुर्ची नव्हती. धूळ मोडली नव्हती.

"बघत बसायची वाटतं तीपण," थोरली हळू आवाजात म्हणाली.

धाकटीने तिचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर आणलं. रखवालदाराने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि जिना उतरताना काही पुटपुटत राहिला. त्यानंतर तो त्या मजल्यावर पाणी सोडायलाही आला नाही. खालूनच हाका मारायचा.

घरात आल्यावर थोरली खुर्चीकडे गेली नाही. तीच म्हणाली, "उचल. स्वयंपाकघरात नेऊ." दोघींनी बादल्यांनी पाणी काढलं, मासे पातेल्यात ठेवले, शेवाळ खरवडलं. टाकी ओट्याच्या टोकाशी बसवली आणि वर तीच पांढरी पट्टी लावली. भिंतीशी मोकळ्या झालेल्या जागी कपड्यांचं कपाट सरकवलं. कपाट जड होतं. थोरलीने तक्रार न करता खांदा लावला.

नव्या जागी झाडं आधी चुकल्यासारखी झाली. मग त्यांनी हळूहळू मान वळवली आणि सरळ दिव्याकडे, वर वाढू लागली. दुकानदार येऊन बघून गेला. "बघा, दिवा चांगलाच होता. जागाच चुकली होती." त्याला कुणी काही सांगितलं नाही.

थोरलीचा गाल पूर्ववत व्हायला बरेच महिने लागले. गुडघा पुन्हा दुखू लागला. ती संध्याकाळी धाकटीचा हात धरून फिरायला जाऊ लागली आणि वाटेत पूर्वीसारखी भरपूर बोलूही लागली. त्या खोलीबद्दल मात्र चकार शब्द नाही. धाकटीने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

फक्त एकदा भाजी निवडताना थोरली थांबली. कपाटाच्या दिशेने पाहत म्हणाली, "टाकी हलवली हे कुणी तिला सांगितलं नसेल गं."

धाकटीने सुरी खाली ठेवली.

"तशीच बसली असेल," थोरली म्हणाली आणि पुढची जुडी सोडायला घेतली.