चिंगी गप्प झाली तेव्हा

वनमालाच्या खोलीत दुपारचा रेडिओ कधी बंद नसायचा. गाणी संपली की बातम्या, बातम्या संपल्या की कपाशीवरच्या किडीची माहिती. जोगेश्वरीच्या चाळीत कपाशी कोण लावत होतं देव जाणे, पण ही बाई मान हलवून ऐकायची. शेजारची सिसिलिया भिंतीपलीकडून ओरडायची, "कान फुटतील ना गं तुझे!" वनमाला हसून वेळ मारून न्यायची. तिला दुपारची शांतता सोसत नसे. जरा सामसूम झाली की कपाटाजवळच्या कोपऱ्यात कुणीतरी निजलंय, अंगावर गोधडी आहे आणि ती गोधडी हलत नाहीये, असं तिला वाटायचं. तिकडे बघायची तिची छाती होत नसे. तेरा वर्षं हे असंच चाललं होतं.

तेरा वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यात तिचा नंदू गेला. अकरा महिन्यांचं पोर. दीड दिवस जुलाब, उलट्या आणि एकसारखं रडणं. तिच्या सासूने, जानकीबाईने, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि घटकाभरात पोर गप्प झालं. "उतरली!" असं जानकीबाईने दारात उभं राहून चाळभर जाहीर केलं. वनमालाने पोराच्या पायाला हात लावला, तर पाय गार. बाहेर वैशाखाचं ऊन, खोलीत पंखा नाही, आणि पाय गार. तिला ते चमत्कारिक वाटलंसुद्धा. पण दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि सासू म्हणत होती, निजू दे. तिने गोधडी ओढून पाय झाकले आणि आडवी झाली. जाग आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

गोधडीची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, नवऱ्याला, काशीरामलाही नाही. लोक समजूत घालत, "कुणाला कळणार होतं बाई!" त्या एका वाक्याला धरून ती जगली. कुणाला कळणार नव्हतं, म्हणजे आपल्यालाही कळणार नव्हतं. मनातल्या मनात सासूच्या दृष्ट काढण्याला बोल लावला की तेवढंच हलकं वाटायचं.

आता चौऱ्याऐंशी साल होतं. नंदूनंतर झालेली क्षमा अकरा वर्षांची होती, आणि होळीच्या सुमाराला तिने मागच्या म्हशींच्या तबेल्यातून एक मांजरीचं पिल्लू उचलून आणलं. तपकिरी, मुठीएवढं. नाव चिंगी. आठवडाभर चिंगीने घर डोक्यावर घेतलं, आणि मग एका संध्याकाळी तिला जुलाब सुरू झाले. सकाळी उलटी झाली. दूध पुढे ठेवलं तर वासही घेईना, नुसती ओरडत राहिली. "आई, लक्ष ठेव हं तिच्याकडे," असं दहादा बजावून क्षमा शाळेत गेली.

"त्या सिसिलियान काल 'काय गोड, काय गोड' केल्यान ना," जानकीबाई म्हणाली. "तिचीच लागली."

तिने सात सुक्या मिरच्या, मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि पिल्लावरून उतरवून शेगडीत टाकल्या. मांजराची दृष्ट काढणारी बाई साऱ्या चाळीत हीच एक. ठसका अजिबात आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी होती असं ठरलं. आणि खरंच, थोड्या वेळाने चिंगी गप्प झाली.

"उतरली," जानकीबाई समाधानाने म्हणाली. "आता निजां दे ताका." आणि तिने हात लांब करून रेडिओ बंद केला.

खोली एकदम रिकामी झाल्यागत वाटली. वनमाला तांदूळ निवडत होती, तिचा हात ताटातच थांबला. कपाटाजवळ पुन्हा ती गोधडी आहे असं वाटलं. या वेळी तिने बघितलं, आणि तिथे काहीच नव्हतं; फरशी आणि एक चप्पल. पण शांतता तीच होती. तिला ती ओळखू आली.

तिने पिल्लाजवळ जाऊन पंजाला हात लावला. गार. दुसरा पंजा, कान, तेही गार. डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांवर पांढरट पडदा आला होता. ओठ उचलून बघितला तर हिरड्या खडूसारख्या.

"आई, ही निजलेली नाही."

"काय तरीच काय? उठव नको ताका."

वनमाला जागची हलली नाही. भीती चिंगी मरेल याची होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. आत्ता आपण उठलो, तर तेव्हाही उठता आलं असतं असा त्याचा अर्थ होईल. मग तेरा वर्षं धरून ठेवलेलं ते वाक्य हातातून जाईल. ती तशीच बसली. किती वेळ, ते तिला नीट सांगता आलं नसतं. चिंगीने एक श्वास घेतला, मग फार उशिराने दुसरा.

"जाऊ दे ते वाक्य," असं काहीतरी पुटपुटत ती उठली. पिल्लू पोलक्यात छातीशी घातलं, पदर घट्ट गुंडाळला आणि सासूच्या हाकांकडे लक्ष न देता जिना उतरली.

जवळपास जनावरांचा डॉक्टर असा एकच होता, बॅप्टिस्ट म्हणून, आणि तो तबेल्यातल्या म्हशी बघायला दुपारी यायचा. वनमाला रोज तिथून दूध आणत असल्यामुळे तिला त्याची वेळ ठाऊक होती. तीनला तो स्कूटरला किक मारायचा. ती शेणातून, पाण्यातून अनवाणी पळाली. तो हात धूत होता.

"डॉक्टर, हिचे पाय गार पडलेत."

"मी म्हशी बघतो, बाई," तो म्हणाला, पण पिल्लू हातात घेतलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. त्याचा चेहरा बदलला. "अंगातलं पाणी संपलंय. दूध पाजलं काय?"

"नाही."

"बरं केलं. गार पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाय, छातीत जातं." त्याने गड्याकडून गरम पाण्याची बाटली मागवली, फडक्यात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवली. पिशवी उलटीपालटी करून सगळ्यात बारीक सुई शोधली आणि कातडीखाली थोडं थोडं सलाईन सोडलं. मग हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं.

"रडत होती ना आधी? रडत होती तोवर ताकद होती. सगळ्यांची इथेच चूक होते. आजारी पिल्लू गप्प झालं, गार पडलं, की एक मिनिट थांबायचं नाय. कधी गप्प झाली?"

"पाऊण तास झाला असेल."

"तरी वेळेवर आणलीत. उद्या परत दाखवा, धोका टळला नाय अजून."

वेळेवर. वनमाला म्हशींच्या गव्हाणीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. डॉक्टरला वाटलं, बाईचा मांजरावर फार जीव दिसतोय.

ती परतली तेव्हा जानकीबाई उंबऱ्यातच बसून होती.

"जिता आसा?"

"आहे."

"कसां कळलां गो तुका?"

डॉक्टर म्हणाले, असं सांगून सुटता आलं असतं. वनमाला सासूसमोर खाली बसली. "पाय गार लागले, आई. नंदूचे पण लागले होते. मी गोधडी ओढली वरून आणि निजले. आजवर तुमच्यावर राग धरला मी. पण हात माझा लागला होता त्याला."

जानकीबाईने आपल्या तळव्यांकडे बघितलं.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तू गोधडी ओढलंस तेव्हा मी जागीच होतंय. तू निजल्यावर मी पण हात घालून बघितलंय."

"मग?"

"मग काय. सगळ्या चाळीक सांगून बसलेलंय ना, उतरली म्हणान."

तेवढ्यात पदरात चिंगीने बारीक आवाज केला आणि लगेच पुन्हा गप्प झाली. दोघींचे हात एकदमच तिच्या पायांकडे गेले.