अळणी पातेलं

आचारी महिन्याभरात दोनदा पडला. पहिल्यांदा न्हाणीघरात पडला तेव्हा त्याने कोणी पाहिलं नाही याची खात्री करून घेतली आणि गोष्ट पोटात ठेवली. दुसऱ्यांदा मात्र भर सकाळी जिन्यात पडला, तोही बटाट्यांची पिशवी हातात असताना. बटाटे त्याच्या आधी तळमजल्यावर पोचले आणि बातमी त्याहून आधी मुलीच्या घरी पोचली.

मुलगी त्याच रविवारी आली. येताना वृद्धनिवासाचं माहितीपत्रक घेऊन आली.

"बाबा, एकटं राहायचं खूळ आता पुरे. खोली हवेशीर आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, जेवण वेळेवर मिळतं."

"जेवण कोण करतं?"

"त्यांचा आचारी आहे की."

"मला स्वयंपाकघरात जाऊ देतील?"

मुलगी माहितीपत्रक चाळू लागली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही, या बाबतीत ती आईवर गेली होती.

"मग तुरुंगातच टाक मला," आचारी म्हणाला. "तिथे निदान कैद्यांना स्वयंपाकाला लावतात."

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याने चाळीस वर्षं मुख्य आचारी म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यापासून घरचा गॅस त्याच्या ताब्यात होता. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि ओट्याशेजारचं तिचं स्टूल, एवढीच त्याची इस्टेट होती. ते स्टूल सोडून जायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती, पण हे मुलीला सांगायची त्याला लाज वाटे.

शेवटी तडजोड झाली. आरोग्य केंद्राची नर्स म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन तपासायची. तिने त्याचं रक्त आधीच नेलं होतं आणि गुरुवारी ती निकाल घेऊन येणार होती. ती म्हणेल ते दोघांनी मुकाट्याने ऐकायचं, असं ठरलं.

गुरुवारी आचारी पहाटेच कामाला लागला. फरशी घासली, न्हाणीघरात रबराची चटई टाकली आणि कोपरावरचा काळानिळा डाग झाकायला पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला. मग बटाट्याचा रस्सा आणि भात केला. कँटीनच्या दिवसांत तपासणीला आलेल्या भल्याभल्या साहेबांना त्याने असंच गार केलं होतं. भरल्या पोटी माणूस वाईट शेरा लिहीत नाही, असा त्याचा अनुभव होता.

मुलगी नर्सच्या आधीच येऊन बसली होती. नर्स पन्नाशीची, जाड भिंगांची आणि तोंडाने फटकळ होती. तिने त्याचा रक्तदाब आधी बसवून मोजला, मग उभं करून मोजला. उभा राहताच त्याने हळूच टेबल धरलं, ते तिने बरोबर पाहिलं.

"काका, तुमचं सोडियम फार उतरलंय. चक्कर त्यानेच येते. जेवणात मीठ असतं ना?"

"बाई, मी आचारी आहे," आचारी म्हणाला. त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. "मला मीठ विचारता?"

"चुकलं माझं," नर्स म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी खरडलं. वहीत डोकावता येईना म्हणून आचाऱ्याने ताट वाढलं. कामावर असताना जेवायची परवानगी नाही, असं ती म्हणत होती, पण रश्श्याचा रंगच असा होता की तिने चमचाभर तोंडात टाकला. मग आणखी एक चमचा घेतला. मग तिने चमचा खाली ठेवला आणि सरळ ओट्याकडे गेली. एकेक डबा उघडून पाहू लागली. मिरे होते, जिरं होतं, हळद होती, वाळवलेली कढीपत्त्याची पानंसुद्धा होती.

"मीठ कुठे आहे?"

आचाऱ्याने उजवीकडच्या फळीकडे हात केला. तिथे काहीच नव्हतं. तो त्या रिकाम्या जागेकडे असा पाहत राहिला, जणू मीठ आत्ताच कोणी चोरून नेलं होतं.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही अजून आईचंच जेवताय?"

अकरा वर्षांपूर्वी बायकोची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली आणि डॉक्टरने तिचं मीठ तोडलं. त्या दिवशी आचाऱ्याने मिठाचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. घरात दोन पातेली चढायची नाहीत, असं त्याने जाहीर केलं. "तुम्ही तरी नीट खा हो," ती वर्षभर कटकट करत होती, मग तिने नाद सोडला. पुढे त्याच्या जिभेला अळणीची सवय झाली, हाताला झाली. ती गेली तरी हात तसाच चालत राहिला. लोक खाल्ल्या मिठाला जागतात, हा गृहस्थ न खाल्लेल्या मिठाला जागत होता. मुलीला याचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं, कारण ती येताना स्वतः डबा भरून आणायची. बापाला तेवढाच आराम, असं तिला वाटे.

"विसरलात होय?" नर्सने विचारलं. तिचा आवाज आता मऊ झाला होता.

"सुरुवातीला विसरलो नव्हतो," आचारी म्हणाला. "दुकानापर्यंत जायचो आणि परत यायचो. मीठ घरात आलं म्हणजे ती आता येणार नाही, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. नंतर मात्र विसरलो."

नर्सने चष्मा पुसला, बाहेर जाऊन डॉक्टरला फोन लावला आणि परत येऊन वही मिटली.

"वयाने नाही पाडलं तुम्हाला, या पातेल्याने पाडलंय. आजपासून मीठ आणि वेळेवर पोटभर जेवण. डॉक्टर उद्या येऊन बघतील. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त नेईन. सोडियम वर आलं, तर हे घर सोडायची गरज नाही असं मी स्वतः लिहून देईन. नाही आलं, तर मुलगी म्हणते ते ऐकायचं. आता ठरवा तुमचं तुम्ही."

ती गेल्यावर मुलगी खाली जाऊन मिठाची पिशवी घेऊन आली. तिने वृद्धनिवासाचा विषय काढला नाही.

आचाऱ्याने रस्सा पुन्हा गॅसवर ठेवला. पिशवी फोडली, चिमूट भरली आणि तसाच उभा राहिला. कँटीनमध्ये तो तीनशे माणसांचं मीठ न मोजता, नुसत्या मुठीने घालायचा. इथे त्याची बोटं अडली. एकट्यासाठी त्याने मीठ कधी घातलंच नव्हतं.

"किती घालू गं?" त्याने मुलीला विचारलं.

उभ्या आयुष्यात त्याने हे कोणाला विचारलं नव्हतं. मुलीने त्याच्या चिमटीतलं अर्धं काढून घेतलं आणि म्हणाली, "एवढं पुरे."

त्याने ते पातेल्यात सोडलं, ढवळलं, आणि दोघं तिथेच ओट्यापाशी उभ्याने जेवली. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं होतं, मीठ घातलेला रस्सा आता गोड लागणार नाही. पण रस्सा झकास झाला होता, आणि त्याला त्याचंच फार वाईट वाटलं.

"चांगलं झालंय ना?" मुलीने विचारलं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला, आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.