चाकाजवळच्या चपला

वहिनींच्या गाडीची पुढची स्प्रिंग तुटली तेव्हाच मी म्हटलं होतं, वहिनी, हे धूड विका आणि मोकळ्या व्हा. पण माझं ऐकतंय कोण! दवाखान्याच्या चादरी धुवायला न्यायच्या आणि आणून द्यायच्या, हा त्यांचा धंदा, आणि गाडीवाचून धंदा नाही. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. सात गॅरेजं पालथी घातली, स्प्रिंग कुठेच नाही. शेवटी जे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तेच वहिनी बोलल्या.

"भाऊजी, भंगारात तशी एक गाडी आहे की."

आहे. अकरा वर्षं आहे. माझा दादा, वहिनींचा नवरा, त्याच गाडीखाली चिरडून गेला.

"त्या गाडीला मी हात लावणार नाही," मी म्हणालो.

"मग मी लावते. पाना कसा धरायचा तेवढं सांगा."

आमच्या वहिनींपुढे कोणाचं चाललंय? निघालो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या भंगार यार्डात, गाड्या खोलायच्या कामात, एक रीत आहे. गाडीखाली शिरायचं तर चपला काढून चाकाजवळ ठेवायच्या. चपला दिसल्या की खाली माणूस आहे, मग जॅकला आणि घोडीला कोणी बोट लावायचं नाही. घोडी म्हणजे गाडीखाली उभी करतात ती लोखंडी तिवई. जॅक कधीही दगा देतो, घोडी देत नाही. चपला नसल्या तर खाली कोणी नाही. हाका मारायची गरज नाही, आणि त्या ठणठणाटात हाक ऐकू तरी कोणाला येणार?

त्या दिवशी दादा जेवून गाडीखाली शिरला. मला म्हणाला, सतराचा पाना आण, तोवर मी जरा डोळे मिटतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि जमिनीवर सगळीकडे काचा. मी दादाच्या चपला पायात सरकवल्या आणि गेलो. बस. एवढंच केलं मी.

मागून गॅसकटरवाला आला, घोडी शोधत. जाड भिंगांचा चष्मा लावायचा म्हणून आम्ही त्याला दुर्बीण म्हणायचो. त्यानं चाकाजवळ बघितलं, चपला नाहीत. घोडी काढून घेऊन गेला. जॅक म्हातारा झालेला, हळूहळू बसत गेला. ओरडा ऐकून मी धावत आलो तेव्हा सगळे मिळून गाडी उचलत होते, माझ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. मी पायातल्या चपला काढल्या आणि चाकाजवळ ठेवल्या. जोडीनं, सरळ. का ठेवल्या, मला विचारू नका. भीतीनं पाचावर धारण बसली होती, पण हात माझेच होते.

"नव्हत्या हो चपला! आईशपथ नव्हत्या!" दुर्बीण छाती पिटून सांगत होता, आणि चपला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्याच्या हातातला कटर गेला, मालकानं दया करून त्याला गेटवर बसवला. मुलगा दुसरीकडे निघून गेला, बापाला नेलं नाही. वहिनी त्याच्या समोरून जाताना मान फिरवायच्या. दरवर्षी मी ठरवायचो, यंदा सांगून टाकू. एक शब्द फुटला नाही. चपला मात्र मी पुन्हा कधी घातल्या नाहीत. लेसचे बूट घालतो, घट्ट गाठ मारून.

तर निघालो. यार्डात सकाळचं ऊन तापायला लागलं होतं. गेटवर दुर्बीण होता. वहिनींनी मान फिरवली. त्यानं नमस्कार केला तो हवेतच राहिला.

ती गाडी मागच्या भिंतीशी होती. मधल्या काळात तिच्यातलं काहीही कोणी काढलं नव्हतं, एवढी भंगारवाली माणसं, पण नाही. सीटमधून गवत वर आलेलं. मी जवळ गेलो आणि मला दादाच्या विडीचा वास आला. तुम्ही म्हणाल भास. असेल. पण मी मागे वळून बघितलं.

"सुरू करा," वहिनी म्हणाल्या.

केलं. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. जमीन मऊ, म्हणून जॅकखाली जाड फळी. गाडी उचलली, घोडी लावली, काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली सरकवलं, म्हणजे घोडीही फसली तर गाडी चाकावर बसेल. मग अंगातला सगळा जोर लावून गाडी हलवली. आज हलली तर हलली, माणूस खाली गेल्यावर नको. वहिनी बाजूला उभ्या राहून एकेक गोष्ट बघत होत्या.

"एवढं सगळं त्या दिवशी केलं होतं?"

"चाक खाली सरकवणं त्यानंतर सुरू झालं. बाकी सगळं दादानं केलं होतं," मी म्हणालो. "दादा कधी कसूर करायचा नाही."

स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला चाकाचा अख्खा पाय काढायचा होता. वर बॉनेटमध्ये तीन नट बारीक आणि मधे एक मोठा. मधल्याला हात लावायचा नाही. स्प्रिंग त्याच्याच जोरावर दाबून बसलेली असते, तो सुटला की माणसाचं तोंड जागेवर राहत नाही. हे वहिनींना सांगितलं तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या. तीनातले दोन नट सोडले, एक राखला. खालच्या बोल्टांना तेल मारलं. वरचा बोल्ट सुटला, खालचा काही दिसेना. खाली शिरावंच लागणार होतं. मी बूट काढून चाकाजवळ ठेवले आणि पाठीवर सरकत आत गेलो.

खालच्या बोल्टावर नट होता, दोनच आटे चढवलेला.

ही दादाची सवय. खोललेला नट हरवू नये म्हणून त्याच बोल्टावर बोटानं दोन आटे चढवून ठेवायचा. म्हणजे हा बोल्ट त्यानं सोडला होता, नट ठेवला होता, आणि मग डोळे मिटले होते. मी त्या नटाला बोट लावलं, पण फिरवला नाही. 

तेवढ्यात आवाज आला. लांबून.

"आहे का रे कोणी खाली?"

मग जरा जवळून. "आहे का रे कोणी?"

दुर्बीण फेरीला निघाला होता. सगळं यार्ड त्याला यावरून हसायचं. अकरा वर्षं तो रोज प्रत्येक गाडीपाशी जायचा, गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून विचारायचा. ज्या गाड्यांना चाकं नाहीत, ज्या पोटापर्यंत मातीत रुतल्यात, त्यांनाही. पोरं म्हणायची, म्हातारा भुतांची हजेरी घेतोय. मीही हसायचो. हसलो नसतो तर कारण सांगावं लागलं असतं.

मी मान वळवून बाहेर बघितलं. चाकाजवळ माझे बूट नव्हते.

मगाशी ठेवलेले बूट. नव्हते. नुसती माती, आणि तिच्यावर दोन पायांचे ठसे. आणि त्या ठशांशेजारी म्हाताऱ्याचे पाय येऊन थांबले. जॅकच्या अगदी जवळ. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. मला वाटलं, दादाला असंच वाटलं असेल. मग वाटलं, हा हिशोब दादाच चुकता करतोय, आणि खरं सांगतो, मला ते बरोबर वाटलं.

पाय वाकले. गुडघे टेकले. जाड भिंगं जमिनीला लागली आणि भिंगांमागचे मोठे मोठे डोळे माझ्याकडे बघायला लागले.

"आहे का रे कोणी?"

"आहे," मी कसाबसा बोललो. "मी आहे. काका, मी आहे."

"मग बूट कुठेत गाढवा?" तो ओरडला. 

"मी सावलीत ठेवलेत हो!" वहिनींचा आवाज आला. "उन्हात तापले असते, आणि राखणीला मी आहेच की. काय झालं? भाऊजी, असे पांढरेफटक का पडलात?"

मी बाहेर आलो. म्हातारा कपडे झटकत गेटकडे निघून गेला होता. आणि मी त्या मातीत बसून बोललो. सगळं. तुटलेला अंगठा, दादाच्या चपला, परत ठेवलेली जोडी. रडत नव्हतो, रडायचा मला काय हक्क?

वहिनींनी मातीत पडलेला पाना उचलला. मला वाटलं पाना घालतील डोक्यात. घातला असता तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी त्या माणसाला पाण्याचं विचारलं नाही. आणि तुम्ही माझ्या घरी येऊन जेवत होतात."

"वहिनी—"

"वहिनी म्हणू नका. आधी तो पाय काढा. मग चला माझ्याबरोबर."

मी काढला. राखलेला नट वहिनींनी वरून सोडला, मी खालून पाय पेलला. शॉकअपला तेलाचा ओघळ नाही, दांडा सरळ, स्प्रिंगला तडा नाही. माल उत्तम होता. तो खांद्यावर टाकून मी त्यांच्या मागोमाग चालत राहिलो, आणि एवढी जड वाट मी आयुष्यात चाललो नाही.

दुर्बीण स्टुलावर बसून चष्मा पुसत होता. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. तो धडपडून उठला.

"काका," मी म्हणालो, "त्या दिवशी चपला नव्हत्या. त्या माझ्या पायात होत्या. मी नंतर आणून ठेवल्या. तुमचा काही दोष नव्हता. मी आत्ता सगळ्यांना गोळा करून सांगतो, मालकाला सांगतो, पोलिसांत जातो."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसला, लहान पोराची समजूत काढताना हसतात तसा.

"माझी कीव आली होय रे? भला आहेस. पण असं खोटं नको बोलू."

"खोटं नाही काका! दादाची शपथ!"

"अरे, होत्या चपला," तो म्हणाला. "आधी मलाही वाटायचं नव्हत्या म्हणून. माणूस स्वतःला वाचवायला काय काय म्हणतो. पण रोज आठवता आठवता नीट आठवलं मला. चाकाच्या डाव्या अंगाला, जोडीनं, सरळ ठेवलेल्या. मी बघितल्या, आणि तरी घोडी काढली."

मी पुन्हा सांगितलं. हात जोडून, ओरडून, त्याचे खांदे धरून सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग मला हलकेच बाजूला सारून वहिनींपुढे आला आणि त्यांच्या पायांशी वाकला.

"ताई, तुम्ही तरी याला समजवा," म्हणाला. "होत्या हो. मला अजून दिसतात."